आइस्क्रीमच्या पॉटात गोठलेली जमीन

आमच्या घरी कुणाचं काही चांगलं व्हायचं असलं की माळ्यावरून आइस्क्रीमचा पॉट खाली उतरतो. लाकडी बादली, तिच्यात बर्फ आणि जाडं मीठ, मधोमध दुधाचा डबा, आणि डब्याच्या झाकणाला धरून गरागरा फिरवायला मूठ. माझ्या नवऱ्याच्या, धनेशच्या, दहावीच्या निकालाला पॉट उतरला होता, म्हैस व्यायली तेव्हा उतरला होता. माझ्या तासालाही तो उतरणार आहे हे मात्र मला कुणी सांगितलंच नाही. मी या घरात नवी सून, वसईच्या होळी गावात येऊन जेमतेम एक पावसाळा झालेला.

विरारच्या बोळिंजमधल्या एका शाळेत मी सहावीला भूगोल शिकवते. तेव्हा तात्पुरती होते. संस्थेचे रामनाथ सर माझा तास बघायला बसणार होते आणि तास आवडला तरच मला कायम करणार होते. आणि वाट्याला धडा कुठला आला, तर बर्फाचे प्रकार. विरारमध्ये, मार्च महिन्यात. हसावं की रडावं तेच कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

दहिवर, गारा, हिम, हिमनदी, हिमनग हे सगळं चित्रांवर निभावलं असतं. पण शेवटचा प्रकार होता कायम गोठलेली जमीन, आणि ती मुलांच्या हातात द्यायचीच असं मी ठरवलं होतं. मारा खुरपी, शिरते का बघा. एवढं झालं की मुलं जन्मात विसरणार नाहीत, आणि रामनाथ सरही.

जेवताना मी हा बेत सांगितला आणि माझे सासरे, दिनानाथ, घास हातात धरून थांबले. त्यांचा सगळा जन्म खाडीकाठच्या वाडीत गेलाय, केळी आणि भाजीत.

"पानी गोठतं," ते म्हणाले. "जमीन नाय गोठत. जमीन भिजते, सुकते, खारी होते. तिला गोठायला येळ कुठाय?"

माझं डोकं जरा लवकरच तापतं. मी म्हटलं, बाबा, तुमच्याच वाडीची माती गोठवून दाखवते. सासूबाई जयवंती गालात हसल्या आणि मला आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून घट्ट झाकणाचा एक उंच डबा काढला. केळीखालची माती त्यात अर्ध्यापर्यंत भरली, पाणी घातलं आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवला. तो पॉटाचा डबा होता आणि त्याचा जुळा भाऊही माळ्यावर होता, हे मला काय माहीत. एक डबा वाढता वाढता दुसरा लावायचा, ही या घरची जुनी रीत. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी दुसऱ्या डब्यात आटवलेलं दूध ओतलं, वेलची आणि राजेळी केळं घातलं आणि तो शेजारणीच्या फ्रीजमध्ये लपवला. सुनेला चकित करायचं होतं ना.

पहाटे लाइट गेले. सकाळी डबा हलवून बघितला तर आत डुचमळत होतं. माझी नोकरी त्या डब्यात चिखल होऊन पडली होती. मी नाश्ता न करता रडत बसले. धनेशने माझे डोळे पुसले, डबा ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि म्हणाला, जेवढी गोठली असेल तेवढी दाखव. मागून बाबा आणि आई टेम्पोने येणार, हे त्याने गिळून टाकलं. शेजारणीकडचा डबाही त्याने तसाच गुंडाळून गुपचूप सोबत घेतला होता. शाळेच्या फाटकात त्याने दोन सारख्या गोणपाटांतले दोन सारखे डबे वाटून दिले, एक मला आणि एक, मी आत गेल्यावर, बाबांना.

तास मात्र रंगला. एका मुलीने विचारलं, टीचर, बर्फ तो बर्फच, मग इतकी नावं कशाला? मी म्हटलं, तुझी आई बाजारात नुसती केळी मागते का? राजेळी मागते, वेलची मागते, भाजीची मागते. ज्यांच्या दारात रोज बर्फ, त्यांना नुसतं बर्फ म्हणून कसं भागेल? मागच्या बाकावर रामनाथ सरांनी मान डोलावली आणि मला पंख फुटले. त्याच भरात मी डबा टेबलावर आपटला, आता बघा गोठलेली जमीन, असं म्हटलं आणि झाकण काढलं.

वर्गभर वेलचीचा वास सुटला.

पहिल्या बाकावरचा हर्षवर्धन उठून डब्यात डोकावला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "टीचर, ही जमीन आटवलेली आहे."

वर्गात हशा पिकला. रामनाथ सर चष्मा काढून पुसायला लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि त्याच क्षणी पटांगणातून घर्रर्र घर्रर्र ऐकू आलं. डबा बदललाय हे ध्यानात येऊन मी खुरपी उचलून धावत सुटले. माझ्यामागे अख्खी सहावी आणि सहावीमागे रामनाथ सर.

पटांगणात बदामाच्या झाडाखाली बाबा घामाघूम होऊन मूठ फिरवत होते आणि सासूबाई बर्फावर मीठ टाकत होत्या. "आज दूध लय घट्ट झालंय," बाबा अभिमानाने म्हणाले, "हात मोडायला आला." मी काही सांगायच्या आत त्यांनी डबा बाहेर काढला. बाहेरून तो पांढराशुभ्र झाला होता. हेच दहिवर, मी मुलांना ओरडून सांगितलं, आणि सगळ्यांनी बोटं लावली.

मग बाबांनी झाकण काढलं. आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

त्यांनी माझ्या हातातली खुरपी घेतली आणि मारली. टण्ण वाजलं. परत मारली. मग रामनाथ सरांनी मारून बघितली, मग मुलांची रांग लागली. कुणाचीही खुरपी शिरेना. पोरं आनंदाने नुसती नाचत होती आणि मीही त्यांच्यात होते.

बाबा खाली बसले, मातीवर तळवा ठेवला, चटका बसल्यासारखा उचलला आणि पुन्हा ठेवला.

"आपली माती हाय ही. केळीखालची," ते म्हणाले. "मंग तिकडची मानसं पेरतात कधी?"

मी सांगितलं, उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळून सुटतो, तेवढ्यात जे उगवेल ते उगवतं. खालची कधीच सुटत नाही.

"बिचारी," बाबा म्हणाले. माणसं की जमीन, ते त्यांनी सांगितलं नाही.

रामनाथ सर म्हणाले, तास अजून संपलेला नाही, दुसरा डबा लावा. मुलांनी आळीपाळीने मूठ फिरवली, मीठ बर्फाचं काय करतं ते मी फळ्याशिवायच समजावलं, आणि दुसरी वाटी संपवताना सरांनी सांगितलं की जूनपासून मी कायम.

घरी येताना टेम्पोत बाबांनी मातीचा डबा मांडीवर घेतला होता. शाळेत कशी टाकू, म्हणाले. दुपारी ती सुटल्यावर त्यांनी ती होती तिथेच, केळीखाली ओतली आणि हाताने दाबून बसवली. कुंपणापलीकडून जाणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवून सांगत होते, जमीन गोठते, आमच्या सुनेनं गोठवली.

मी जवळ जाऊन म्हटलं, बाबा, मी कुठे, माझ्या हातून तर चिखल झाला होता. गोठवली तुम्ही.

"तू गप ऱ्हा," ते माती दाबत म्हणाले. "सांगितलं होतंस, गोठते. गोठली ना?"