विळीवरचा फोटो

सुबोधने माझा फोटो काढला तेव्हा मी मागच्या व्हरांड्यात विळीवर लाल भोपळा चिरत होते. अंगात जुना गाऊन, नुकत्याच न्हालेल्या केसांना पंचा, एक पाय विळीच्या पाटावर आणि टाचांना भेगाच भेगा. लखनौच्या 'वृंदावन योजना' वसाहतीत आमच्या अख्ख्या सेक्टरमध्ये विळी फक्त माझ्याकडे. इथल्या बायका ओट्याशी उभ्या राहून चाकूने चिरतात. मला जमिनीवर बसलेलं पाहिलं की शेजारीण ओरडते, "भाभीजी, पैर कट जाएगा!" अजून तरी कापलेला नाही.

"मम्मी, ऊपर मत देखना," सुबोध म्हणाला. मी मराठीत बोलायचं आणि त्याने हिंदीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. "अरे, निदान केस तरी विंचरू दे," म्हणेपर्यंत त्याचं काम झालंही होतं.

ही २०११ची गोष्ट. पोरगं कॉलेजात, आणि डोक्यात फोटोग्राफीचं भूत. इंटरनेटवर हौशी फोटोग्राफरांचा एक अड्डा होता. तिथे फोटो टाकायचे आणि 'जरा चुका सांगा' म्हणून विनवायचं. चुका सांगायला काय, लोक टपलेलेच असतात. याच्या इमामबाड्याला कुणी पोस्टकार्ड म्हणालं, गोमतीवरच्या सूर्यास्ताला कुणी 'असे रोज येतात' म्हणालं. त्या दिवशी पोरगं जेवायचं नाही, आणि मी त्या न पाहिलेल्या लोकांच्या नावाने बोटं मोडायची. माझ्या फोटोने मात्र त्याचं नशीब उघडलं. वाहवा सुरू झाली. रस्तोगी म्हणून तिथले एक ज्येष्ठ होते, ज्यांच्या एका शब्दासाठी हा झुरायचा, त्यांनीही पाठ थोपटली.

"मला दाखव की," म्हटलं तर कॉम्प्युटर बंद. "सब इंग्लिश में है, मम्मी." लग्नाआधी मी मिरजेच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

एक दिवस घरच्या फोनवर रस्तोगींचाच आवाज. लखनौतल्या सभासदांनी कैसरबागेत एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवलंय, सुबोधचा फोटो मोठा करून लावलाय. "इतवार को सपरिवार तशरीफ़ लाइए," म्हणाले. सुबोधने घरात चकार शब्द काढला नव्हता. विचारलं तर "आप बोर हो जाओगी," मग "गर्मी बहुत है," मग "पापा भी तो नहीं हैं." हे ऑफिसच्या कामाला हैदराबादला गेले होते. मला वाटलं, या वयात मुलांना चारचौघांत आईची लाज वाटतेच, वाटू दे. मी ठेवणीतलं इरकल नेसले आणि त्याच्या आधी दाराशी जाऊन उभी राहिले.

हॉलमध्ये शिरल्याबरोबर समोर मीच, दाराएवढी. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. जाळीतून आलेलं ऊन भोपळ्यावर आणि माझ्या हातांवर पडलं होतं. माझे हात इतके सुंदर आहेत हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

फोटोखाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'आमची कामवाली'. शेजारी इंटरनेटवरचे अभिप्राय छापून लावले होते. सगळ्यात वर एकाने म्हटलं होतं, 'तुझ्या कामवालीच्या चेहऱ्यावर काय समाधान आहे!' त्याखाली सुबोधचं 'आभारी आहे'. कुणी माझ्या टाचांत देशाचे कष्ट पाहिले होते. एकीने विचारलं होतं, किती वर्षं आहे तुमच्याकडे? सुबोध म्हणाला होता, खूप वर्षं. तिला फोटो दाखवलास का, असंही एकाने विचारलं होतं. 'तिला यातलं काही कळत नाही,' माझ्या मुलाने लिहिलं होतं, 'पण ती आम्हाला घरच्यासारखीच आहे.'

मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर निऱ्या खाली ओढून टाचा झाकल्या. मला माझीच लाज वाटली. राग मागाहून आला. घरी असतो तर पाठीत धपाटा बसला असता. वळून पाहिलं तर सुबोध भिंतीशी उभा, तोंड पांढरंफटक. पहिला अभिप्राय लिहिणाराच चुकून मला कामवाली समजला असणार. याला कौतुक सोडवलं नसणार, आणि मग एका खोट्यामागे दुसरं गेलं. हे मला तिथल्या तिथे कळलं. कळलं म्हणून काही कमी दुखलं नाही.

तेवढ्यात रस्तोगी आले. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अरे, ये तो आप हैं?"

सुबोध बोलेल म्हणून मी थांबले. तो बुटांकडे बघत होता. एवढ्या लोकांत याची अब्रू जाईल, एवढंच मला दिसलं.

"जी, मैं ही हूँ," मी म्हणाले. "इनके यहाँ काम करती हूँ."

रस्तोगी हरखले. "शाबाश बेटा, इन्हें साथ ले आए! और माताजी नहीं आईं?"

सुबोधने मान हलवली. नाही.

माणसं गोळा झाली. सगळे अदबीने बोलत होते, लखनौची अदब काय विचारता. एकाने कॅमेरा काढला आणि त्याच अदबीने म्हणाला, "ज़रा नीचे बैठ जाइए, फ़ोटो के पास. वैसे ही, जैसे घर में बैठती हैं."

मी पदर खोचला. निऱ्या आवरल्या, मुद्दाम सावकाश. गुडघा वाकवला तेव्हा कुठे सुबोधचा आवाज फुटला.

"मत बैठिए. सर, ये... ये मेरी मम्मी हैं."

 त्याच्याबरोबर माझंही खोटं उघडं पडलं होतं, आणि आम्ही मायलेक चोरासारखे उभे होतो. रस्तोगी कानापर्यंत लाल झाले. "माफ़ कीजिएगा, भाभीजी, हमें मालूम नहीं था," त्यांनी हात जोडले आणि मागे वळून ओरडले, "अरे, कुर्सी लाओ! जल्दी!"

खुर्ची आली, गादीची. पाठोपाठ चहा आला, कपबशीत.

परतताना ऑटोत सुबोध रडत होता. मी त्याला रडू दिलं. माझ्या डोक्यातून ती खुर्ची जात नव्हती. कामवाली होते तोवर जमीन, आई ठरल्याबरोबर गादी. मग मला नेमका अपमान कशाचा वाटला होता? आमच्याकडे भांडी-फरशीला यमुना येते. चहा ती मोरीपाशी उकिडवी बसून पिते, तिच्या वेगळ्या स्टीलच्या पेल्यात. पेला ती स्वतःच धुते आणि निराळा ठेवते. ती अगदी घरच्यासारखी आहे, असं मीही सगळ्यांना सांगत असते. सुबोध ते वाक्य कुठे शिकला, हे शोधायला लांब जायला नको होतं. तोंड लपवायला जागा उरली नाही असं मला झालं, आणि समोर तर फक्त रडणारं पोरगं होतं.

दुसऱ्या दिवशी यमुनाचं काम आटोपलं तेव्हा मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि आमच्या कपबशीत चहा ओतून टेबलावर ठेवला. यमुना हात पुसत आली. तिने खुर्चीकडे पाहिलं, फडकं घेतलं आणि खुर्ची नीट पुसून काढली.

"कौन आ रहा है, भाभी?"

तुझ्यासाठी आहे, एवढं म्हणायला माझी जीभ उचलेना.