कोमट

तपासनीस बाईंनी थर्मामीटर न्हाणीघरातल्या नळाखाली धरला आणि आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली.

"एकेचाळीस," त्या म्हणाल्या. "काका, बॉयलर कितीवर ठेवलाय?"

"पंचेचाळीसवर. अगदी मापात."

वृद्धाश्रमातला बॉयलर, पाइप, नळ सगळं बंबकाकांच्या हातात होतं आणि त्यांनी ते लख्ख ठेवलं होतं. म्हणूनच महिन्याभरात दोन म्हातारे न्यूमोनियाने गेले, तेव्हा पाण्यावर संशय घेणाऱ्यांचा त्यांना राग आला होता. आठ दिवसांपूर्वी सात नंबरच्या खोलीतल्या मावशीलाही दवाखान्यात हलवलं. ही त्यांची सख्खी मावशी. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. त्याच दिवशी बाईंनी शॉवरचं पाणी बाटल्यांत भरून नेलं आणि सगळे शॉवर बंद करायला लावले.

आज त्या अहवाल घेऊन आल्या होत्या.

"जंतू पाण्यातच आहेत. सगळ्यात जास्त सात नंबरला. शॉवरचे बारीक तुषार श्वासातून छातीत जातात."

"काहीतरीच काय! टाकी मी स्वतः घासतो."

"घाणीचा प्रश्नच नाही, काका. गार पाण्यात हे जंतू नुसते पडून राहतात, साठ अंशांच्या पुढे तग धरत नाहीत. कोमट पाणी मिळालं की मात्र त्यांचं फावतं. आधी कितीवर होता बॉयलर?"

"बासष्टवर," काका म्हणाले. सहा महिन्यांपूर्वी मावशीचा हात त्या पाण्याने भाजला, फोड आले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कोणालाही न विचारता बटण खाली फिरवलं. मावशी ज्याला त्याला सांगत सुटली होती, भाच्याने माझ्यासाठी पाणी निववलं म्हणून. गेलेल्यांपैकी एक आजोबा तर त्या कोमट पाण्याखाली अर्धा अर्धा तास गाणी म्हणत बसायचे. त्यांच्यासाठी इथे शॉवरखाली खुर्ची काकांनीच बसवून दिली होती.

ती खुर्ची समोरच होती. काका टेकायला म्हणून वाकले आणि चटका बसावा तसे मागे सरले.

"कोणी कमी केला ते लिहावं लागेल," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि कशासाठी, तेही."

"मी. मीच केला."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मावसबहिणीचा होता.

"दादा, आईची श्वासाची नळी काढली! वाचली रे! तुझ्याशीच बोलायचं म्हणतेय."

मावशीचा आवाज खोल गेला होता.

"अरे, इथे नुसतं ओल्या फडक्याने पुसतात. आल्या आल्या आधी न्हाणार आहे मी. माझं पाणी तेवढं कोमट ठेव हं."

बाई पेन उघडून उभ्या होत्या.

"ठेवशील ना रे?"

"बादलीत काढून देईन, मावशी," काका म्हणाले. "विसण घालून."

फोन ठेवल्यावर ते कोपऱ्यातल्या बादलीकडे बघत राहिले. दोन तांबे गार पाणी. एवढंच तर करायचं होतं. मग त्यांनी बाईंच्या हातून पेन घेतलं.