गॅरेजमधला अंतरपाट

मी एक अंतरपाट. मुळातच घाबरट. मागावर होतो तेव्हा धोट्याचा खडखडाट ऐकून थरथरायचो, आणि कात्री दिसली की आजही माझे दोरे सैल पडतात.

इचलकरंजीला विणला गेलो आणि सत्त्याण्णव साली पुण्यातल्या एका लग्नात उभा राहिलो. एका बाजूला शशिकांत, दुसऱ्या बाजूला सुलेखा. मंगलाष्टकं चालू होती आणि दोघांचे श्वास दोन्हीकडून मला लागत होते. मला वाटलं, आता आयुष्यभर असंच उभं राहायचं. तेवढ्यात मला फर्रकन बाजूला ओढलं. टाळ्या, अक्षता, बँड. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. कुणाचं तरी कुंकवाचं बोट माझ्या कडेला पुसलं गेलं, ते आजतागायत निघालेलं नाही. बाजूला ओढलं जाण्याची भीती तेव्हापासून माझ्या सुतासुतात आहे.

पुढे सुलेखाला न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. सामान बांधताना तिने पातेली मागे ठेवली, मला घेतलं. "स्वानंदीच्या लग्नाला होईल," म्हणाली. स्वानंदी तेव्हा दोन वर्षांची होती.

तिथल्या हॉर्नबी या उपनगरातल्या घरात मी कपाटात पडून होतो. एका शनिवारी शशिकांतने ऑफिसने मोडीत काढलेला प्रोजेक्टर घरी आणला. गॅरेजची भिंत विटांची, त्याला पांढरं काहीतरी हवं होतं. सुलेखा ड्यूटीवर. त्याने कपाट उपसलं आणि मला कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर टांगलं.

संध्याकाळी सुलेखा आली आणि दारातच थबकली. "अहो, अंतरपाट आहे तो."

"मग? मध्येच धरलाय की," शशिकांत म्हणाला. "प्रोजेक्टर आणि भिंतीच्या."

ती रागावली, पण हसलीही. मग दर शनिवारी दुपारी आजूबाजूची मराठी घरं जमू लागली. मोठी माणसं कॅम्पिंगच्या खुर्च्यांवर, मुलं सतरंजीवर. मुलांना मराठी कळायचं, पण बोलायची इंग्रजीतच.

स्वानंदी मात्र सतरंजीवर कधी बसली नाही. पाहुणे आले की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. ती माझ्या मागे, भिंत आणि मी यांच्यामधल्या फटीत जाऊन बसायची. तिथून सिनेमा उलटा दिसतो. अक्षरं उलटी, नायक डावखुरा. सुलेखाने बाहेर ये म्हटलं तर उत्तर यायचं, "आई, इथूनच बरं दिसतं. हीप्स बेटर." म्हणजे तिथल्या मुलांच्या बोलीत, कितीतरी बरं. माझी पाठ फक्त तिनेच पाहिली आहे. मला तिचा अभिमान वाटायचा. मी तिला लपवतोय, याचाही.

मग तो दिवस आला. शहरातला मोठा भूकंप होऊन काही महिने झाले होते, अधूनमधून धक्के बसत होते. सिनेमा ऐन रंगात असताना जमीन हलली. शटर दणाणलं, फळीवरचे रंगाचे डबे कोसळले, दिवे गेले. सगळे अंगणात धावले. शशिकांत बाहेर मुलं मोजत होता. अकरा. सगळी आली, म्हणाला.

ती अकरा मुलं पाहुण्यांची होती.

स्वानंदी माझ्या मागेच होती. नऊ वर्षांची. तिने मला दोन्ही मुठींनी घट्ट धरलं होतं आणि तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही. मला ओरडता येत नाही. मी नसतो तर ती दिसली असती, एवढंच मनात येत होतं. अखेर सुलेखा किंचाळत आत आली आणि तिने मला चिमट्यांसकट ओढून काढलं.

त्या दिवसाबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही. प्रोजेक्टर माळ्यावर गेला, मी कपाटात.

पोरीचं सिनेमाचं वेड मात्र गेलं नाही. फोनवर छोट्या छोट्या गोष्टी चित्रित करू लागली. पुढे इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून दुसऱ्यांच्या शूटिंगवर केबल ओढू लागली. "ही नोकरी आहे की हौस, एवढं सांग," असं शशिकांतने विचारलं. तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं 'जेवायला वाढलंय' इथवरच राहिलं.

यंदा तिला स्वतःची पहिली फिल्म मिळाली. वीस मिनिटांची. तिने मला गुपचूप कपाटातून काढलं, आईला न विचारता, आणि त्याच गॅरेजमध्ये टांगलं. तेव्हा मला कळलं की फिल्म आमचीच आहे. माझ्या मागे सिद्धी नावाची आठ वर्षांची मुलगी बसवली होती. आणि शेवटच्या दृश्यात पडदा पेटणार होता.

पडदा म्हणजे मी.

माझ्या पायाशी गॅसची नळी लावली होती. पाण्याचा पाइप धरून हेमी नावाचा सेफ्टीवाला उभा होता. "एकदाच पेटणार बरं का, दुसरा टेक नाही," त्याने इंग्रजीत बजावलं. स्वानंदीने मान हलवली. मला वाटलं, ही मला जाळून त्या दिवसाला जाळतेय. जाळू दे. पण भीती काही केल्या जाईना.

तेवढ्यात सगळ्यांसाठी मसालेभाताचं पातेलं घेऊन सुलेखा आली, मागोमाग गाडीची किल्ली फिरवत शशिकांत. तिने आधी कुंकवाचा डाग ओळखला, मग नळी पाहिली. पातेलं खाली ठेवलं.

"अंतरपाट जाळत नाहीत गं," ती हळूच म्हणाली. "बाजूला करतात."

"आणि याच्या मागची मुलगी? तिचं काय होतं?"

"पळून जाते. आग लागते आणि ती पळते."

"तू नव्हतीस पळाली."

मग शशिकांत पुढे आला. कॅमेऱ्यामागच्या लेकीकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी मी तुला मोजायलाच विसरलो."

चौदा वर्षं हे वाक्य त्याच्याजवळ होतं. स्वानंदीने डोळे पुसले नाहीत. तिने हेमीला नळी काढायला सांगितली आणि आईबाबांना माझी दोन टोकं धरायला लावली.

प्रोजेक्टर लागला. दोघांचे श्वास पुन्हा मला लागत होते. आणि मला फर्रकन बाजूला ओढलं.

मी जमिनीवर पडलो. पडल्या पडल्या पहिल्यांदाच पाहिलं, मला ओढल्यावर पुढे काय होतं ते. सगळा प्रकाश भिंतीशी बसलेल्या त्या मुलीच्या घाबरलेल्या चेहऱ्यावर पडला होता. ती दिसत होती. सगळ्यांना.

आता मी पुन्हा कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. पुढच्या महिन्यात फिल्म मोठ्या हॉलमध्ये लागेल. स्वानंदीला लोकांसमोर उभं राहून बोलायचंय, ती रात्रंदिवस धास्तावलेली असते. मीही. जित्या सुताची खोड आहे ती.

तुम्ही पाहायला गेलात तर एक करा. सिनेमा संपला, दिवे लागले की लगेच उठू नका. आपली माणसं मोजा. आणि मागे, पडद्याआड, कुणी गप्प बसून राहिलंय का, तेवढं बघून घ्या.