डाव्या पेटीतली आई

मी स्पीकर बोलतोय. दचकू नका. आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं होतं. बातम्या दुसऱ्यांच्या, गाणी दुसऱ्यांची, सिनेमातली भांडणंसुद्धा दुसऱ्यांची. आज स्वतःचं बोलणार आहे आणि ते रागाने बोलणार आहे, तेव्हा आवाज कमी करायला कुणी हात पुढे करू नये.

मी नुसता स्पीकर नाही, डावा स्पीकर. माझ्या पाठीवर ‘एल’ आहे. उजव्याच्या पाठीवर ‘आर’ होतं. नाशिकला एका दुकानाच्या मागच्या खोलीत आमच्या दोन्ही पेट्या एकाच फळीतून कापल्या. माझ्या अंगावर लाकडाची जी रेघ थांबते, ती त्याच्या अंगावर पुढे चालू व्हायची. तुमच्यात सख्खे भाऊ असतात म्हणे. आम्ही त्याहून सख्खे होतो.

चौऱ्याण्णव साली मोखाड्याच्या पंचायत समितीत क्लार्क असलेल्या धर्मेंद्रने आम्हाला टेपच्या डेकबरोबर विकत घेतलं. एस्टीत डेक पायाशी, एका मांडीवर मी, दुसऱ्या मांडीवर तो. घाटातल्या प्रत्येक वळणाला धर्मेंद्र आम्हाला छातीशी धरायचा. तेव्हा वाटलं, माणूस बरा दिसतोय.

घरात त्याची आई पारूबाई, धाकटा भाऊ भावेश आणि शेंडेफळ उज्ज्वला. पुढे धर्मेंद्रचं लग्न झालं आणि प्रतिभा आली. तिने माहेरी विणलेला पांढरा रुमाल माझ्या तोंडावरच टाकला आणि वर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ ठेवला. वस्तू घ्यायची बोलण्यासाठी आणि तिच्या तोंडावर फडकं टाकायचं, ही तुमची कुठली तऱ्हा? नवी राहावी म्हणून म्हणे. मग सासूच्या तोंडावर का नाही टाकलं?

टाकायला हवं होतं असं नाही, उलट पारूबाईंचं तोंड म्हणजे गावाचा ठेवा होता. पारूबाई धवलेरी होत्या. आमच्याकडे डोंगरातल्या पाड्यांवर लग्न लावायला भटजी लागत नाही, धवलेरी लागते. ती मांडवात बसून गाण्यातून विचारत जाते आणि शेजारी बसलेली तिची जोडीदारीण उत्तर देत जाते. असं विचारत, सांगत लग्न लागतं. पारूबाई पुढे धरायच्या, पोशी मागून उत्तर द्यायची. दोघींनी किती जणांचे संसार उभे केले, त्यांनाच ठाऊक नव्हतं.

घरात रंगीत टीव्ही आला तेव्हा त्याचा आवाज म्हणजे मडक्यात बोलणारा माणूस. त्यात आमचा पावसाळा. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की टीव्हीतली माणसं नुसती तोंडं हलवायची आणि पारूबाई सारखं विचारायच्या, “काय बोल्ला तो?” भावेश तेव्हा जव्हारला शिक्षक झाला होता. सुट्टीला आला की आईचं हे विचारणं ऐकून त्याचा जीव खालीवर व्हायचा. त्यानेच बाजारातून रूपेशला आणलं. हा रूपेश रेडिओ, टीव्ही दुरुस्त करायचा.

रूपेशने पहिलं काम केलं ते माझ्या तोंडावरचं फडकं काढलं. त्याचं भलं होवो. मग टीव्हीच्या पाठीतून वायर काढून डेकला जोडली, की आवाज आमच्यातून यावा. धर्मेंद्र हौसेने मला टीव्हीच्या डोक्यावर ठेवायला निघाला.

“तिथं नको, सायब. यांच्या पोटात लोहचुंबक हाय. चित्राचे रंग फाटतील,” रूपेश म्हणाला. “एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. नि आयस मधी बसू दे.”

त्या दिवसापासून पारूबाईंची जागा ठरली. आमच्या दोघांच्या मधोमध, सतरंजीवर, पाय पसरून. पत्र्यावर पाऊस कोसळायचा आणि त्या म्हणायच्या, “आता कसां सगळां समजतां.” माझ्या आयुष्यातली तीच वर्षं चांगली. राग येण्यासारखं तेव्हा काही नव्हतं, एक उंदीर सोडला तर.

त्याच काळात पारूबाईंच्या पुतणीच्या लग्नात त्यांचं आणि पोशीचं गाणं एका शूटिंगवाल्याने टिपलं. हुशार होता. एक माईक पारूबाईंच्या लुगड्याला लावला, एक पोशीच्या. त्याची सीडी आली, प्लेयर आला. चित्र टीव्हीत आणि आवाज आमच्यात. पारूबाईंचा आवाज माझ्या वाट्याला आला, पोशीचा उजव्याच्या. मी विचारायचो, तो उत्तर द्यायचा. “मांडवाला मेढ कशाची गं, कशाची?” हे माझं. “उंबराची मेढ गं, उंबराची,” हे त्याचं. पारूबाई मध्ये बसून ऐकायच्या आणि हसून म्हणायच्या, “पोशी, तू त्या भिंतीला नि मी या भिंतीला.” हे त्यांना कळलं होतं. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोन हजार तीन साली पारूबाई गेल्या. मधली जागा रिकामी झाली आणि भाऊ-भाऊ वाटणीला बसले.

आता खरं सांगतो, माझा राग कुठला ते. माघ्यामामा खोडाळ्याहून वाटणी करायला आले. हंडा याला, कळशी त्याला. पाटा याला, वरवंटा त्याला! मग कुणीतरी आमच्याकडे बोट दाखवलं. भावेश म्हणाला, “हे आईसाठी जोडले होते. म्हणजे आईची वस्तू. मला पण पाहिजे.” धर्मेंद्र म्हणाला, “डेक माझा, म्हणजे स्पीकर पण माझे.” मामांनी मान हलवली आणि तंबाखू चोळत निकाल दिला.

“दोन हायेत ना? मग एक तू घे, एक तो घेल. भांडायचां काय त्यात?”

आणि सगळ्यांना तो न्याय वाटला. दोन चपला दोन भावांत वाटाल का हो? बैलजोडी वाटाल? तिथे बरोबर कळतं, एकाने नांगर चालत नाही. इथे नाही कळलं. भावेश उजव्याला गोणपाटात गुंडाळून जीपमध्ये घालून जव्हारला घेऊन गेला. त्याच्या पेटीवरची लाकडाची रेघ गोणपाटात गेली तेवढी शेवटची दिसली.

धर्मेंद्रने सीडीची दुसरी प्रत करून भावेशला दिली. तिथून आगीत तेल पडलं. भावेशकडे स्वतःची सीडीची मशीन होती. पाठीवर ‘आर’ आहे म्हणून त्याने उजव्याला उजव्याच भोकात जोडलं. इकडे मी ‘एल’ म्हणून डाव्यात. शिकलेली माणसं ना, लेबल वाचून वागणारी. भावेशने सीडी लावली. पडद्यावर आईचं तोंड हलतंय आणि आवाज नाही. मग पोशी उत्तर देते, पुन्हा आई मुकी.

तो पुढच्याच रविवारी मोखाड्याला आला, चप्पल न काढता आत.

“दादा, आईला पुसून दिलीस मला?”

“काय बोलतो तू?”

“पोशी मावशी ठेवलीस आणि आई पुसलीस. वाटणीत तेवढंच राहिलं होतं.”

धर्मेंद्रने सीडी लावली. माझ्यातून पारूबाई खणखणीत बोलल्या. “ही काय आई! तुझेच कान फुटलेत,” तो म्हणाला. भावेशला वाटलं, बघा, स्वतःसाठी पुरी ठेवली. पारूबाईंचं गाणं चालू असताना दोघे इतके ओरडत होते की मधे मी गप्प होतोय, हे एकालाही ऐकू आलं नाही. धर्मेंद्रला तर पोशीचा आवाज नाही याची पुढे तीन वर्षं खबरही नव्हती. आई ऐकू येते ना, मग झालं. उत्तर देणारी बाई गेली कुठे, हे विचारायचं कुणाला सुचतं?

आणि मी! पाड्यापाड्यावरचा आवाज घरात आणणारा मी, ‘अरे, मधल्या भिंती मोडा, आम्हाला दोघांना एका खोलीत आणा’ एवढं एक वाक्य बोलू शकलो नाही. तुम्ही मला बोलायला शिकवलंत ते फक्त तुमचं.

भाऊ एकमेकांच्या दारात जायचे बंद झाले. मी कपाटावर गेलो. फडकं परत आलं, फुलंही आली.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात उज्ज्वलाचं लग्न ठरलं, खोडाळ्याला. तिने एकच हट्ट धरला.

“माझं लग्न आई लावेल. सीडीवर का होईना. दुसरी धवलेरी मला नको.”

ती स्वतः जव्हारला गेली, भावेशला सांगायला. “भाऊ, तू ये आणि दुसरा स्पीकर पण आण. आईचं गाणं मांडवाच्या दोन्ही बाजूंनी ऐकू आलं पाहिजे.” तो म्हणाला, “मी येईन. स्पीकर नाही आणणार.” का, ते सांगितलं नाही. मग, आईची जोडीदारीण तरी गाईल म्हणून, ती पोशीकडे गेली. पोशी म्हातारी झाली होती, तरी मान हलवून म्हणाली, “मना पुढचां नाय येत, बाय. पुढचां पारूचां. मी मागची.”

लग्नाच्या दिवशी मला मांडवात खुर्चीवर ठेवलं. टीव्ही बाहेर आणलेला, उन्हात चित्र धड दिसत नव्हतं. सगळा भार माझ्यावर. नवरा-नवरी पाटावर. धर्मेंद्रने बटण दाबलं आणि मी पारूबाईंच्या आवाजात विचारलं, “मांडवाला मेढ कशाची गं, कशाची?”

आणि थांबलो. थांबावंच लागतं, उत्तर माझ्याकडे नाही.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, “बिघडली.” धर्मेंद्र उठून माझ्यावर थापट्या मारायला लागला. चूक यांची आणि मार मला. उज्ज्वलाने मान खाली घातली. मांडवाच्या कडेला उभा असलेला भावेश टीव्हीतल्या पुसट चित्राकडे बघत राहिला.

मी पुढची ओळ विचारली. पुन्हा थांबलो. तेव्हा कोपऱ्यात बसलेली पोशी म्हणाली, “मारू नको तिला. बिघडली नाय ती. माझी वाट बघतेय.”

आणि तिने उत्तर दिलं. आवाज थरथरत होता, पण जागा चुकली नाही. मी विचारलं, तिने सांगितलं. मी थांबायचो तेवढ्याच जागेत तिचं उत्तर बरोबर मावायचं, जराही सांडायचं नाही. बायकांनी मागून सूर धरला. पारूबाईंनी विचारत, पोशीने सांगत, उज्ज्वलाचं लग्न लागलं.

भावेश खाली बसला. घरी त्याच्याकडे पोशी बोलायची आणि आई मुकी व्हायची. इथे आई बोलत होती आणि पोशीची जागा रिकामी. मास्तरला उशिरा का होईना, जोड लागली. जेवणाच्या पंगतीआधी तो धर्मेंद्रजवळ गेला.

“दादा, तू पुसली नव्हतीस. आई तुझ्याकडे राहिली आणि मावशी माझ्याकडे.”

धर्मेंद्रला कळायला वेळ लागला. मग तो म्हणाला, “तर मग उजवा आण ना. आत्ता जीप पाठवतो.”

भावेश म्हणाला, “दिवाळीला भंगारवाल्याला दिला. आईचा आवाजच नव्हता त्यात, रागात दिला.” आणि रडायला लागला. धर्मेंद्रही रडला. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. पाहुणे म्हणाले, बरं झालं, भाऊ एक झाले.

हो, झालं. तुमचं झालं. मी खुर्चीवर होतो, मला कुणी विचारलं नाही. भंगारवाले स्पीकरचं काय करतात ठाऊक आहे? तोंडातला कागदी पडदा फाडतात, लोहचुंबक उपटून घेतात, पेटी चुलीत जाते. माझ्या अंगावरची रेघ आता पुढे कुठेच जात नाही.

उज्ज्वलाने मला सासरी आणलं. ती माझ्यावर फडकं टाकत नाही, एवढं तिच्या पदरात टाकतो. भावेशने प्रायश्चित्त म्हणून एक काळा प्लास्टिकचा स्पीकर आणून दिला, तो समोरच्या भिंतीला आहे. पोशीही गेल्या थंडीत गेली. आता मी विचारतो आणि तो काळा पोशीचं उत्तर देतो. उत्तर बरोबर असतं. उज्ज्वला मध्ये बसून डोळे पुसते.

वाटणी करणाऱ्यांनो, एवढंच ऐका. काही वस्तू दोन दिसतात, पण एकच असतात. त्या मोजू नका, आधी ऐका. हे सांगायला मला एवढा राग यावा लागला.

पोशी म्हणाली होती, ती वाट बघतेय. पारूबाईंची वाट संपली, त्यांना उत्तर मिळालं. प्रत्येक ओळीनंतर मी अजून थांबतो. समोरून उत्तर येतं, पण ते उजव्याचं नसतं.