काळ्या मेंढीचा फोटो

सांगलीत हळदीच्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइटी करणारा अमृत सकाळी चहाआधी सर्व्हरची नोंदवही उघडायचा. कुठलं पान कुणी मागितलं, किती वाजता, सगळं तिथं उमटतं. त्याला मात्र एकाच फोटोची मागणी हवी होती, आणि ती येत नव्हती.

धाकटा भाऊ रविराज मालवाहू जहाजावर. तिथं फोन लागत नसे, मेल तेवढा पोचे. गावाकडची, माणमधली मेंढरं अमृतनं त्याला न विचारता विकली, तेव्हापासून तो बोलेना. अमृतनं माफीचं पत्र धाडलं, एकदा नव्हे, पाच वेळा. पत्रात काळ्या मेंढीचा जुना फोटो होता. खरं तर फोटो अमृतच्याच सर्व्हरवर, पत्रात नुसता त्याचा पत्ता. पत्र उघडलं की फोटोची मागणी येणारच. दोन महिने झाले, काही नाही. खोलीवर एकट्याचा भात शिजवताना अमृतला वाटे, आपल्याला आता कुणी उरलं नाही.

एके दिवशी त्याच्या गिऱ्हाइकांपैकी आप्पासो अडत्यांनी हाक मारली. "आरं अमृत, तुझी बिलाची पत्रं माझ्याकडं स्पॅममधी पडत्यात. सहज बघितलं म्हणून घावली."

अमृत चरकला, रविराजची पत्रंही तिथंच पडली असणार. माफीच्या पत्रांआधीच मेल त्यानं नव्या सर्व्हरवर हलवला होता. आपल्या नावानं कुठल्या सर्व्हरनं पत्र धाडायचं, ती यादी मात्र जुनीच. नवा सर्व्हर यादीत नाही, म्हणून समोरच्यानं पत्र तोतयाचं धरलं. लोकांच्या याद्या नीट लावणारा हा शहाणा, दिव्याखाली अंधार तो असा. बापानं जन्मात एक मेंढरू गेरूच्या खुणेशिवाय कळपाबाहेर सोडलं नव्हतं.

यादी दुरुस्त करून त्यानं पत्र पुन्हा धाडलं. दुसऱ्या दिवशी फोटोची मागणी आली. संध्याकाळी परत. चार दिवसांत अकरा वेळा. उत्तर एकदाही नाही. भाऊ मेंढीला बघत होता, आपल्याला नाही, हे अमृतला फार लागलं.

रविवारी तो आष्ट्याला गेला. विकलेला कळप तिथं ऊस तुटलेल्या एका रानात लेंडीखतासाठी बसवला होता. काळी मेंढी त्यानं लांबूनच ओळखली. नवा फोटो काढून त्यानं सर्व्हरवर जुन्याच्या जागी, त्याच नावानं ठेवला. पत्र तेच, उघडलं की आता आजची मेंढी दिसणार.

सकाळी मागणी आली. पाठोपाठ मेल आला, एका ओळीचा.

"ती लंगडतीया का रं?"

अमृतनं फोटो मोठा केला. मागचा डावा पाय तिनं जमिनीपासून अधांतरी धरला होता. फोटो त्यानंच काढला होता, तास-दीड तास तिच्याजवळ उभा राहून, आणि त्याला दिसलं नव्हतं. समुद्रावरून रविराजला दिसलं.

'व्हय,' एवढंच त्यानं लिहिलं, आणि आष्ट्याची गाडी गाठायला चपला घातल्या.