दुरुस्तीला दिलेला जॅक

वडील घरी परत येतील, असं लेकीला वाटलंच नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन मनाची तयारी ठेवायला सांगितलं, आणि तिने मनाबरोबर घराखालच्या गॅरेजचीही आवराआवर करून टाकली. नुसतं बसवेना म्हणून तिने शटर उघडलं, झाडायला घेतलं आणि झाडता झाडता भंगारवाल्याला हाक मारली. गंजलेले पाने गेले, फुटक्या बॅटऱ्या गेल्या, आणि वडिलांनी जन्मभर वापरलेला तो गाडी उचलायचा, चाकांचा अवजड हायड्रॉलिक जॅकही गेला. त्याच्याखाली गळलेल्या तेलाचं काळं थारोळं साचलं होतं. जॅक हातगाडीवर चढला तेव्हा तिला क्षणभर हलकं वाटलं. हे हलकं वाटणं तिला पुढे फार जड गेलं.

कारण वडील बरे झाले. घरी आले, चहा घेतला आणि काठी टेकत थेट गॅरेजमध्ये.

"जॅक कुठाय?"

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाला न दुखावता बोलायची जिभेला सवय. "दुरुस्तीला दिलाय," ती बोलून गेली. "गळत होता ना."

वडील तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

मामा भेटायला आला तेव्हा त्यांनी त्याला जवळ बसवून सांगितलं, "मी तिकडे नाकात नळ्या घालून पडलेलो. सगळ्यांनी आशा सोडलेली. आणि ही माझा जॅक दुरुस्तीला टाकते. का? तर बाप येणार आणि कामाला लागणार." मग हेच शेजाऱ्याला सांगितलं, मग इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सला. दर वेळी लेक काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाई आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धूत बसे.

भंगारवाल्याकडे जॅक अजून होता, पण धड नव्हता. दांडा कुणीतरी नेला होता. पिस्टन उपसून वेगळा टाकलेला. जॅक खाली उतरवताना सैल करायचा स्क्रू बेपत्ता.

"तुमचाच होता, तर दिलात कशाला?" भंगारवाल्याने विचारलं.

"चुकून," ती म्हणाली.

घरी नेण्याची सोय नव्हती. तिने जॅक चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवला. मालकाने एकदा जॅककडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "याला कितीचा नंबर लागलाय?" ती हसली नाही, तेव्हा तोही गुमान पुढे गेला.

जेवणाच्या सुट्टीत ती रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन बसायची. आतली रबरी सीलं बोट लावताच भुगा होऊन पडली. सुट्या भागांच्या दुकानांत सगळीकडे एकच उत्तर: ही कंपनी कधीच बंद पडली, नवा घ्या. शेवटी एका बोळातल्या दुकानात गल्ल्यावरच्या बाईंनी पिस्टन मोजून पाहिला. "हे इंचातलं माप आहे. जवळपासचं बसवलंत तर पुन्हा गळेल," असं म्हणून त्यांनी ट्रॅक्टरच्या सामानाचे खण उपसले आणि बसेल असं सील काढून दिलं.

स्क्रू मात्र कुठेच मिळेना. लेथवर लोखंड कातून देणारा म्हणाला, "करून देतो, पण नमुना आणा. टोकाचा उतार चुकला तर तेल अडायचं नाही." नमुना कुठून आणायचा? एकाच माणसाला तो तोंडपाठ होता.

"बाबा," तिने जेवताना विचारलं, "त्या स्क्रूचं टोक कसं असतं हो? तो दुरुस्तीवाला विचारत होता."

वडिलांची कळी खुलली. "तुझा कारागीर नवशिका दिसतोय," म्हणत त्यांनी ताट सरकवलं, पाठकोरा कागद मागवला आणि टोक काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. "नीट समजावून सांग त्याला. बिचाऱ्याची चूक नाही, जुनं मॉडेल आहे." तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

स्क्रू बसला. दांड्याच्या जागी पाइप आला. नवं तेल भरून, आत अडकलेली हवा जाईपर्यंत तिने तो हापसला आणि एके सकाळी टेम्पोतून घरी आणला. मामा त्या दिवशी गाडी घेऊन आलाच होता. वडिलांनी पाइप हापसला, गाडी सावकाश वर आली आणि तिथेच राहिली.

"बघितलंस?" वडील मामाला म्हणाले. "सगळ्यांनी आशा सोडली होती, पण हिने..."

"मीही सोडली होती, बाबा," ती म्हणाली. "जॅक मी भंगारात घातला होता. तुम्ही विचारलंत म्हणून शोधून आणला. दुरुस्तीवाला वगैरे कुणी नाही."

मामा गाडीच्या चाकाकडे टक लावून बघू लागला. वडिलांनी पाइप सोडला.

"कधी घातलास?"

"डॉक्टर बोलले, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आणखी काय दिलंस?"

"पाने. बॅटऱ्या. तुमचे कामाचे बूट."

"बूटसुद्धा?"

तिने मान डोलावली. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हणाले, "घाई केलीस गं," आणि गाडीखाली आधाराला लावायची लोखंडी घोडी आणायला तिला पाठवलं.

त्यानंतर ते चार दिवस तिच्याशी कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी सकाळी तयार होऊन बसले आणि बूट घ्यायला चल म्हणाले. दुकानात त्यांनी अर्धा डझन जोड घालून पाहिले, तळ वाकवून बघितले. एक पसंत पडला तसं त्यांनी दुकानदाराला विचारलं, "किती टिकेल?"

"दहा वर्षं बघायला नको, काका."

वडिलांनी लेकीकडे वळून गंभीरपणे विचारलं, "चालेल ना तुला?"

तिला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. दुकानदार गोंधळून दुसरा जोड काढू लागला. वडील खाली वाकून नाडी बांधायला लागले, पण हात पुरेना, तेव्हा त्यांनी पाय तिच्यापुढे केला.