सोनलचा पदर

सोनलनं ताट घासलं, फडक्यानं पुसलं आणि मांडणीवर बाकीच्या ताटांत न ठेवता खिडकीच्या कोनाड्यात उभं केलं. त्याच्याशेजारी एक पेला पालथा घातला. मंजुळाबाई उंबऱ्यावर बसून चपला घालत होती, पण तिची नजर सुनेच्या हाताबरोबर कोनाड्यापर्यंत गेली आणि तिथंच अडकली.

ताटं सगळी लग्नात आलेली, एकसारखी. त्यातलं एकच वेगळं काढलेलं. घरात माणसं तीन. कुणाचं वेगळं काढलं असेल, हे मंजुळाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आई, डबा घेतला ना?" सोनलनं विचारलं. विचारताना तिनं पदर नाकातोंडावर ओढून घेतला.

"घेतला," म्हणून मंजुळाबाई उठली. पदराचंही तिनं महिनाभर पाहिलं होतं. ती जवळ गेली की पोरीचा पदर वर जायचा. शेजारी बसली की पोर उठून दाराशी जायची. सासू जेवून उठेपर्यंत स्वतः जेवायची नाही. पहिले तीन महिने असं काही नव्हतं. तेव्हा दोघी एकाच खाटेवर बसून लसूण सोलायच्या. म्हणजे मधल्या काळात हिला कुणीतरी सांगितलं होतं.

मंजुळाबाईचा नवरा ट्रकवर होता. तो गेला तेव्हा मुलगा ललित दुसरीत होता, आणि नवऱ्याच्या पाठोपाठ तिचीही तपासणी झाली. धुळ्याकडच्या सासरच्यांनी भांड्यांचं गाठोडं हातात देऊन तिला गावाबाहेर काढलं. जळगावात ती एका संस्थेच्या दारात मदत मागायला आली आणि पुढं तिथंच कामाला लागली. एचआयव्ही असलेल्यांच्या घरी जायचं, गोळ्या सोडल्या असतील तर समजूत घालायची, शाळा-कॉलेजात पोरापोरींशी बोलायचं. असोदा, पहूर, बोदवड, सगळीकडं तिला लोक 'संस्थेच्या ताई' म्हणून ओळखत. तिला स्वतःला काय आहे, हे मात्र संस्थेतली चार माणसं आणि ललित सोडून कुणाला माहीत नव्हतं. राहत्या गल्लीत तर नाहीच. लोकांच्या घरी पाऊल टाकलं की ती आधी बघायची, पाणी कोणत्या पेल्यात येतं. तशी सवयच जडली होती. आता ती सवय स्वतःच्या घरात घेऊन फिरायची वेळ आली होती.

ऑफिसात पोचल्यावर तिनं हिलालला बाजूला घेतलं. हिलाल तिच्याबरोबर गावोगावी जायचा, मोटारसायकल तोच चालवायचा. ललितच्या लग्नाला संस्थेतून तो एकटाच आला होता.

"हिलालभाऊ, खरं सांगा. लगीनमा कोनपाशी तुमनी जीभ घसरनी का?"

"कशाबद्दल?"

"मन्हाबद्दल. मन्ही सुनले कोनीतरी सांगी दिधं. ललित काही सांगाव नही. तुमनाशिवाय तठे कोनले माहीत व्हतं?"

हिलालचा चेहरा उतरला.

"मंजुळाताई, माझ्या बायकोला अजून वाटतं, तुम्ही ऑफिसात स्वयंपाक करता. तुमची गोष्ट उघडी पडू नये म्हणून मी ते कधी खोडलं नाही. आणि तुम्ही मला असं विचारता?"

मंजुळाबाईचा विश्वास बसला नाही. त्या दिवशी दोघं पहूरला गेली. कॉलेजच्या वर्गात एका मुलीनं उभं राहून विचारलं, "ताई, अशा माणसाबरोबर एका ताटात जेवलं तर?"

"जेव ना," मंजुळाबाई म्हणाली. "एका ताटात जेव, गळ्यात पड, त्याचं पोर कडेवर घे. काही होत नाही."

मुली हसल्या. दाराशी उभा राहिलेला हिलाल तिच्याकडं बघत होता. तिला वाटलं, हा मनात म्हणत असेल, बाई, तुझ्या घरात तरी कुठं पटलंय हे?

परत आल्यावर तिनं मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशीच थांबवायला लावली. घरासमोर रोज गाडी थांबलेली लोकांना दिसू नये, ही तिची जुनीच खबरदारी. आज तिला सुनेलाही चाहूल लागू द्यायची नव्हती. गेले काही दिवस सोनल संध्याकाळी मागच्या मोरीत जायची, नळ जोरात सोडायची आणि खूप वेळ आत राहायची. मंजुळाबाईच्या मते ती फोनवर बोदवडला माहेरी बोलत होती. सासूचं सगळं आईबापांना सांगत असणार आणि ऐकू जाऊ नये म्हणून नळ. उद्या बाप येणार, पोरीला नेणार, आणि ललितचा संसार सहा महिन्यांत मोडणार. अशा गोष्टी तिनं दुसऱ्यांच्या घरी कमी पाहिल्या नव्हत्या.

नळ सुरूच होता. मंजुळाबाई भिंतीच्या कडेनं मागं गेली आणि मोरीचं पत्र्याचं दार तिनं एकदम ढकललं.

"कोनसंगे बोली राहिनी तू?"

सोनल भिंतीला हात लावून वाकली होती. तोंडात पदराचा बोळा होता. दुसरा हात छातीवर. फोन कुठंच नव्हता. तिला बोलायचं होतं, पण आधी खोकल्याची उबळ आली, आतून ओढून काढल्यासारखी, आणि ती तशीच खाली बसली.

मंजुळाबाईनं पुढं होऊन तिचा खांदा धरला. अंगाला हात लागला आणि तिला कळलं, ताप आहे. खांद्याचं हाड हाताला टोचलं.

"जवळ येऊ नका!" सोनलनं तिला ढकललं. "लांब व्हा, आई!"

"माले काय होस?"

"तुम्हालाच होईल!" ती रडायला लागली. "ललितनं सांगितलंय मला. साखरपुड्याच्या आधीच, मेहरूण तलावावर बसून. म्हणाला, आईला हे आहे, आधी ऐकून घे, मग हो म्हण. मला काही वाटलं नाही. पण हा खोकला जाईना, ताप येतो. मी मोबाईलवर वाचलं. टीबी असला तर तुमच्यासारख्यांना लगेच लागतो. म्हणून माझं ताट वेगळं ठेवलं मी."

"तुन्हं ताट?"

"मग कुणाचं?"

मंजुळाबाई मोरीच्या ओल्या फरशीवर टेकली.

"दवाखान्यात का नाही गेली, माय?"

"तुम्ही परत माहेरी पाठवलं असतं तर?"

नळ वाहत होता. तो बंद करायचं दोघींनाही सुचलं नाही. गावोगाव फिरून खोकणारी माणसं हुडकून दवाखान्यात नेणारी बाई, तिच्या घरात सून महिनाभर खोकत होती. आणि तिनं त्या महिन्यात फक्त कान आणि डोळे लावून चोर शोधला होता.

सकाळी सरकारी दवाखान्यात न्यायला तिनं हिलाललाच फोन केला. तो रिक्षा घेऊन आला. वाटेत ती म्हणाली, "हिलालभाऊ, मी चुकनू."

"आधी पोरीचं बघू," तो म्हणाला. पुढं रांगेत त्यानंच जागा धरली, चहाही त्यानंच आणला, पण पूर्वीसारखी तिची थट्टा त्यानं केली नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही.

टीबीच निघाला. गोळ्या सुरू झाल्या. टीबीच्या पेशंटची एचआयव्हीची तपासणी करतात, तशी सोनलचीही झाली. तिला एचआयव्ही निघाला नाही. मंजुळाबाईनं स्वतःचाही बेडका तपासायला दिला. त्यात काही नव्हतं.

सोनलनं माहेरी फोनवर सगळं कळवलं होतं; चौथ्या दिवशी भर दुपारी तिचे वडील उखर्डू आले. मोटारसायकल गल्लीबाहेर ठेवून चालत आले आणि ओट्यावरच उभे राहिले. ललित चटईच्या कारखान्यात पाळीवर होता. समोरच्या घरची रेशमा गहू पाखडत होती; तिचं सूप थांबलं. आणखी दोघी-तिघी दारात आल्या.

"ईनबाई, टीबी झाला, समजलं. कोणालेही होतो. पण माह्या पोरीची ती दुसरी तपासणी काऊन केली? जावायाले काही हाये का?"

"आबा, ती सगळ्यांचीच करतात," सोनल आतून म्हणाली.

"तू चूप. मी यायले विचारू राह्यलो. जावायाचा बाप ट्रकवर होता, कायनं मेला ते कोणी सांगत नाही. लोक काय येडे हायेत?"

मंजुळाबाईनं रेशमाकडं पाहिलं. घरात चला, बसून बोलू, असं म्हणता आलं असतं. आत जाऊन हळू आवाजात काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण उखर्डूंच्या तोंडून जावयावरचा संशय गल्लीत पडला होता, आणि तो आता ललितला चिकटला असता.

"याहीभाऊ, ललितले काही नही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "माले शे. एचआयव्ही. ललितना बाप गया तवयपासून शे. मी गोळ्या खास, काम करस. पोरीले टीबी मन्हाकडून नही, मी तपासं."

रेशमानं शेजारी खेळणाऱ्या मुलीला ओढून आत घेतलं.

"आन् सोयरीक करताना हे आमाले सांगतलं नाही."

"नही सांगं. माले भ्याव वाटना."

"मला माहीत होतं, आबा," सोनल बाहेर येत म्हणाली.

उखर्डूंनी लेकीकडं पाहिलं, मग मंजुळाबाईकडं. त्यांचा राग कुठं ठेवावा हे त्यांनाच समजेना. शेवटी ते म्हणाले, "पोरीची तब्येत होईस्तोवर मी नेतो तिले. मंग पाहू."

'मंग पाहू'चा अर्थ मंजुळाबाईला कळत होता. सोनलनं सासूकडं पाहिलं. थांब म्हटलं तर ती थांबली असती.

"जाय," मंजुळाबाई म्हणाली. "मायच्या हातचं खाय. बोदवडच्या दवाखान्यात गोळ्या मिळतील, मी सांगून ठेवस. याहीभाऊ, बाकी काही करा, तिची गोळी चुकू देऊ नका."

त्यांनी मान हलवली.

सोनलची पिशवी मंजुळाबाईनंच घेतली. उखर्डू पुढं झपझप निघाले. मागून दोघी. दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं उभी होती. सोनलच्या तोंडावर पदर होता; तिनं सासूचं मनगट धरलं होतं आणि ते मोटारसायकलपर्यंत सोडलं नाही. मंजुळाबाईनं पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. गाडी सुरू झाली आणि वळणापलीकडं गेली.

मंजुळाबाई वळली. तेवढ्यात बरीच दारं लागली होती. रेशमाच्या अंगणात सूप तसंच पडलेलं, गव्हावर चिमण्या उतरलेल्या. एरवी ही गल्ली ती खाली मान घालून, पदर सावरत, भरभर चालून जायची. आज तिनं मान वर ठेवली, आणि प्रत्येक दारापुढून, कुणी हाक मारली तर ऐकू यावी इतक्या हळू, ती घराकडं चालत गेली.